देखभाल कक्षाची नवी हत्यारे, मीटर आणि घड्याळे : खरेदी व पडताळणीच्या नोंदी

९ जानेवारी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात देखभाल कक्षासाठी हत्यारे आणि मोजमापाची साधने नव्याने घेण्यास मालकांनी मान्यता दिली आहे. खरेदी एकदम न करता गरजेप्रमाणे करावी आणि आलेली वस्तू पेटीत ठेवण्यापूर्वी ती सांगते तेवढी खरी आहे का, हे आपल्याकडे जे काही खात्रीचे असेल त्याच्याशी ताडून पाहावे, असे ठरवले आहे. प्रयोगशाळेतून प्रमाणपत्र घेणे प्रत्येक वस्तूसाठी परवडणारे नाही, आणि आमच्या कामाला तेवढ्या सूक्ष्मतेची नेहमी गरजही नसते. परंतु चुकीचे माप दाखवणारे साधन जवळ असणे हे साधन नसण्यापेक्षा अधिक घातक ठरते, कारण त्याच्या भरवशावर चांगले भाग बदलले जातात.

पहिल्या टप्प्यात साधी हत्यारे आली. पाने, पकडी आणि अ‍ॅलन की टापारियाच्या घेतल्या. या कंपनीने स्वीडिश तंत्रसहकार्याने १९६९ पासून भारतात हत्यारे बनवण्यास सुरुवात केली आणि आमच्याकडच्या जुन्या पेटीतले तिचे पाने अजून तोंड न पसरता काम देत आहेत, एवढे कारण मला पुरेसे वाटले.

स्क्रू ड्रायव्हर मात्र दोन प्रकारचे घेतले. आमच्याकडील जपानी शिलाई यंत्रांचे आणि एका जपानी मागाच्या नियंत्रण पेटीचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे आहेत, आणि त्यांत नेहमीचा फिलिप्स टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घातला की तो पूर्ण खोल बसत नाही, जोर दिल्यावर वर सरकतो आणि फुलीचे कोपरे खाऊन टाकतो. अशा स्क्रूंच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. जपानी मानकाचे टोक फिलिप्स स्क्रूतही बऱ्यापैकी चालते, उलटे मात्र चालत नाही. म्हणून जॉबरांच्या (मागांची दुरुस्ती पाहणाऱ्या कारागिरांच्या) खिशात यापुढे जपानी टोकाचाच संच राहील.

१९ जानेवारी

सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे आठवडाभर निम्मी माणसे रजेवर होती आणि होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असल्याने बाजारातून माल आणायला जाणेही टाळले. आता डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आले आहेत. जॉबरांसाठी दोन स्वस्तातले आणि शाफ्टच्या मापासाठी एक मिटुटोयोचा, असे घेतले. मिटुटोयोचा नकली माल बाजारात भरपूर असल्याने तो अधिकृत वितरकाकडूनच मागवला.

पडद्यावर मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो म्हणून कॅलिपर तेवढा अचूक असतो असे नव्हे. स्वस्त कॅलिपरच्या कागदावरच ०.०३ मिलिमीटर इकडे-तिकडे होईल असे लिहिलेले आहे, आणि हा कागद फेकून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पडताळणीसाठी स्लिप गेजचा (ठरावीक जाडीच्या अचूक ठोकळ्यांचा) संच आमच्याकडे नाही. परंतु देखभाल कक्षात त्याच्या जवळपास पोहोचणारी एक वस्तू नेहमी पडून असते, आणि ती म्हणजे चांगल्या कंपनीचे कोरे बेअरिंग. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर असतो आणि साध्या दर्जाच्या बेअरिंगमध्येही तो ५२ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, कमी झाला तर फार तर ०.०१३ मिलिमीटरने होतो. आतला व्यास २५ मिलिमीटर, आणि तिथे फरक ०.०१० पर्यंत. आमच्या कॅलिपरपेक्षा हे बेअरिंग कितीतरी अधिक काटेकोर असल्याने ते या कामाला चालते. रुंदी मात्र या कामासाठी वापरू नये. ती १५ मिलिमीटर लिहिलेली असली तरी ०.१२ मिलिमीटरपर्यंत कमी असण्याची मुभा मानकातच आहे.

मिटुटोयोने बाहेरचा व्यास ५१.९९ दाखवला. एका स्वस्त कॅलिपरने ५१.९८ आणि दुसऱ्याने ५२.०२ दाखवला, म्हणजे तिन्ही आपापल्या कागदाला धरून आहेत. आतल्या जबड्यांनी घेतलेले माप मात्र दोन्ही स्वस्त कॅलिपरमध्ये २४.९५ च्या आसपास आले. याचे कारण आतल्या जबड्यांच्या कडेला धार नसून बारीकशी सपाटी असते. गोल भोकात ती सपाटी पूर्ण व्यासावर टेकत नाही आणि माप थोडे कमी येते. भोक जितके लहान, तितका हा दोष अधिक. बुशचे आतले माप या कॅलिपरने घेऊन शाफ्ट कातायला देऊ नये, अशी सूचना पेटीच्या झाकणावर लिहून चिकटवली आहे.

बॅटरीबद्दल एक बाब. सोबत आलेला बटन सेल एलआर४४ म्हणजे अल्कलाइन आहे. त्याचा दाब १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि सेलमध्ये जीव शिल्लक असतानाच पडदा लुकलुकू लागतो. त्याच मापाचा एसआर४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. स्वस्त कॅलिपर बंद केल्यावर फक्त पडदा विझतो, आतले मोजणीचे सर्किट चालूच राहते, म्हणून महागडा सेल घेणेच स्वस्त पडते.

४ फेब्रुवारी

तारेभोवती जबडा लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आला. तो घेताना दोनच गोष्टी पाहिल्या. पहिली, त्यावर कॅट ३, ६०० व्होल्ट अशी सुरक्षेची श्रेणी लिहिलेली असावी, कारण आमचे काम थेट तीन फेजच्या पॅनेलवर चालते. दुसरी, तो ट्रू आरएमएस, म्हणजे लाटेचा आकार कसाही असला तरी खरा प्रवाह दाखवणारा असावा. जुना मीटर सरासरी मोजून त्यावरून आकडा काढणारा आहे, आणि हा फरक कागदावरचा आहे की खरा, हे पाहण्यासाठी दोन्ही मीटर एकाच तारेवर लावले. थेट चालणाऱ्या मोटरवर दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आले. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या नियंत्रकावर) चालणाऱ्या रेपियर मागाच्या, म्हणजे धोट्याऐवजी दांड्याने आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या, पुरवठ्याच्या तारेवर मात्र जुन्या मीटरचा आकडा नव्यापेक्षा पाव हिश्शाहूनही अधिक कमी आला. व्हीएफडी पुरवठ्यातून प्रवाह सलग लाटेत न घेता टोकदार उसळ्यांत घेते, आणि सरासरीवर चालणारा मीटर तिथे फसतो. आमच्या ज्येष्ठ जॉबरांनी विचारले, “साहेब, मग इतकी वर्षं आपण बघत होतो तो आकडा काय होता?” मी म्हटले, “अण्णा, साध्या मोटरवर बघत होता तो बरोबरच होता. व्हीएफडी आले तेव्हा मीटर बदलायला हवा होता.” जुना मीटर टाकलेला नाही, त्यावर “फक्त थेट मोटरसाठी” अशी पट्टी लावली आहे.

लहान प्रवाह मोजताना क्लॅम्प मीटर खालच्या टोकाला डगमगतो. तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळून आलेला आकडा दहाने भागला की हे दुखणे बरेचसे जाते. ही युक्ती जुन्या इलेक्ट्रिशियनांना ठाऊक आहे, नव्यांना कुणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवली.

१३ फेब्रुवारी

प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर आला आणि आतापर्यंतच्या खरेदीत सर्वांत जास्त कुतूहल याच वस्तूने जागवले. शाफ्टवर चकचकीत पट्टी चिकटवायची, टॅकोमीटरचा लाल प्रकाश तिच्यावर धरायचा आणि परत येणाऱ्या झोतांच्या गतीवरून फेरे मोजायचे, एवढेच याचे तत्त्व आहे.

त्याची पडताळणी विजेवरच करता येते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा. टॅकोमीटर ट्यूबलाइटकडे रोखला की त्याने ६,००० च्या आसपास आकडा दाखवायला हवा. ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम असल्याने ५,९८८ ते ६,००६ यांच्यातला आकडा समाधानकारक मानायचा. आमचा आकडा ५,९९४ आणि ६,००१ यांच्यामध्ये फिरत राहिला. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा यासाठी चालत नाही, कारण त्याचा प्रकाश जवळजवळ स्थिर असतो. कारखान्यात एक जुनी ट्यूब मुद्दाम राखून ठेवली आहे.

प्रत्यक्ष मागावर दोन अडचणी आल्या. क्रँक शाफ्ट तेलाने चमकत असल्याने पट्टीखेरीज इतर जागेवरूनही प्रकाश परतत होता आणि आकडा दुप्पट-तिप्पट उड्या मारत होता. शाफ्टभोवती आधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून त्यावर चकचकीत पट्टी लावल्यावर तो शांत झाला. दुसरी अडचण समजुतीची आहे. साध्या धोट्याच्या मागात क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेक), पण खालचा शाफ्ट दोन पिकांना एकदा फिरतो. पट्टी कोणत्या शाफ्टवर लावली हे नोंदीत लिहिले नाही तर उद्या कोणी ५६ हा आकडा वाचून माग निम्म्या वेगाने चालला असे समजेल. आमच्या ज्या मागावर हे केले तो मिनिटाला ११२ पिकांवर चालत होता.

१६ फेब्रुवारी

घड्याळांची खरेदी. जॉबर आणि पाळीप्रमुखांकडे स्टॉपवॉच असावे म्हणून कॅसिओची एफ-९१डब्ल्यू ही दोन घड्याळे घेतली. १९८९ पासून हे घड्याळ जवळजवळ त्याच रूपात मिळते आहे, वजन २१ ग्रॅम आहे, सीआर२०१६ सेलवर कंपनी सात वर्षे सांगते आणि स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. शंभराव्या भागाला फारसा अर्थ नाही, कारण बटण दाबणाऱ्या बोटाचाच उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो. परंतु पूर्ण मिनिटभर पिक मोजले तर हा उशीर तीन हजारांत दहा भागांएवढाच उरतो, आणि टॅकोमीटरच्या आकड्याला आडवा पुरावा म्हणून तेवढे पुष्कळ झाले. ११२ पिकांचा तोच माग घड्याळावर मोजला तेव्हा ११२ च आले.

घड्याळाची स्वतःची पडताळणी करण्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ प्रमाण धरली. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते आणि ती संकेतस्थळावर दिसते. दोन्ही घड्याळे तिच्याशी जुळवून एक पाळीप्रमुखांच्या मनगटावर दिले आणि दुसरे मागखात्यातल्या खांबाला टांगले. एक मनगटावर आणि एक खांबावर का, ते उन्हाळ्यात कळेल.

१ मार्च

आजची खरेदी कारखान्याच्या पैशाची नाही, ती माझी आहे, आणि मोजमापाच्या पेटीत तिला जागाही नाही. तरी ज्या टेबलावर ती ठेवली जाते तिथे ती अडचण करू शकते म्हणून नोंदवतो. नवी पेठेतल्या एका जुन्या दुकानातून एचएमटी जनता घेतले. चावीचे, १७ ज्वेल्सचे, तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच टिकटिकांचे घड्याळ.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे आज बाजारात जे आहे त्यात जुन्या भागांवर नव्या रंगाची तबकडी बसवलेली घड्याळे फार आहेत. गडद निळी, लालभडक किंवा हिरवीगार चकाकती तबकडी, तिच्यावर किंचित तिरपी किंवा जाड झालेली अक्षरे, आणि आतल्या यंत्राला मात्र गंज, हे चिन्ह दिसले की समजावे की ही तबकडी नंतर रंगवलेली आहे. असे घड्याळ वाईटच असते असे नाही, परंतु त्याला अस्सल म्हणून किंमत देऊ नये. मी घेतलेल्याची तबकडी पिवळट पडली आहे आणि काट्यांचा मुलामा एका बाजूने उतरला आहे, आणि मला ते तसेच हवे होते.

दुकानातल्या काकांनी ते उघडून, धुऊन, तेल घालून दिले आणि टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवले. तबकडी वर असताना दिवसाला १२ सेकंद पुढे, चावी खाली असताना १९ सेकंद मागे. यंत्राच्या घड्याळाचा वेग ते कोणत्या बाजूने ठेवले आहे यावर बदलतो, हे कॅसिओ वापरणाऱ्यांना विचित्र वाटते. रात्री कोणत्या बाजूवर ठेवायचे हे निवडून दिवसभराची चूक थोडीफार भरून काढता येते, आणि मी ते हौसेने करतो.

अडचण चुंबकाची आहे. याच आठवड्यात डायल गेजसाठी चुंबकी स्टँड आला. त्याच्याजवळ असे घड्याळ नेले आणि त्याच्या केसासारख्या स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले, तर तिची वेटोळी एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे पळू लागते. काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ चुंबकाजवळ थांबते पण दूर नेल्यावर पुन्हा चालते. आकड्यांच्या कॅसिओला काहीच होत नाही. साधी होकायंत्राची सुई घड्याळाजवळ धरून ती थरथरते का ते पाहिले की चुंबकत्व शिरले आहे की नाही ते कळते. टेबलाच्या डाव्या टोकाला स्टँड आणि उजव्या टोकाला घड्याळे, असा नियम केला आहे.

२१ मार्च

टॉर्क पाना आला. हा “टक” असा आवाज करून थांबायला सांगणारा प्रकार आहे. याची पडताळणी वजनाने केली. शेजारच्या किराणा दुकानदारांकडून वैधमापन विभागाचा शिक्का असलेले १० किलोचे वजन तासाभरासाठी मागून आणले, पान्याचे चौकोनी टोक शेगड्यात आवळून पाना आडवा धरला आणि मुठीच्या मधोमध, टोकापासून ०.४ मीटरवर, वजन टांगले. १० किलो गुणिले ९.८ गुणिले ०.४ म्हणजे ३९.२ न्यूटन-मीटर, त्यात पान्याच्या स्वतःच्या वजनाचे सुमारे दोन धरले की ४१ च्या थोडे वर. पाना ३९ वर लावला तेव्हा टक झाला, ४४ वर लावला तेव्हा झाला नाही. चार टक्क्यांची मुभा धरता हा पाना योग्य आहे. काम संपल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, स्प्रिंग दाबलेली ठेवायची नाही.

१४ एप्रिल

पारा ४१ च्या पुढे गेला आहे आणि पत्र्याच्या मागखात्यात दुपारी त्याहून जास्त आहे. आता उष्णतेच्या साधनांची आणि साधनांवरच्या उष्णतेची, अशी दोन्ही परीक्षा एकदम झाली.

इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणावर तो १ अंश दाखवतो, ते चालेल. मल्टिमीटरसोबतची थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) उकळत्या पाण्यात बुडवली तेव्हा ९८ अंश आले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८.५ च्या आसपास उकळते; १०० हा आकडा इथे आला असता तर उलट मला शंका आली असती. इन्फ्रारेडचा खरा दोष चकचकीत धातूवर दिसतो. एकाच बेअरिंगच्या घराच्या रंगवलेल्या भागावर ६८ आणि घासून उजळ झालेल्या कडेवर ४६ असे आकडे आले. उजळ धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. अशा प्रत्येक ठिकाणी काळ्या टेपचा तुकडा कायमचा चिकटवून टाकला असून माप त्यावरच घ्यायचे आहे.

कॅलिपरबद्दल जॉबरांनी रास्त शंका काढली की उन्हाळ्यात लोखंड वाढते, मग माप खरे कसे. लांबीची मापे जगभर २० अंश तापमानाला धरलेली असतात. ४० अंशाला १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा ०.०२३ मिलिमीटरने वाढतो. परंतु कॅलिपरही पोलादाचा आहे आणि तोही तेवढ्याच तापमानाला आला असेल तर तोही त्याच प्रमाणात वाढतो, आणि फरक बराचसा मिटतो. चूक होते ती वातानुकूलित कार्यालयातून आणलेल्या कॅलिपरने लेथवरून नुकताच उतरलेला गरम शाफ्ट मोजल्यावर. म्हणून कॅलिपर कार्यालयात ठेवणे बंद केले आहे आणि शाफ्ट मोजण्यापूर्वी तो हाताला गार लागेपर्यंत थांबायचे आहे.

९ मे

टांगलेल्या कॅसिओचा हिशेब. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि हा आकडा २५ अंशाच्या आसपास सर्वांत खरा असतो. त्याहून उष्ण असो वा थंड, दोन्ही बाजूंनी तो मंदच होतो, आणि तोही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४१ अंशाला ही मंदी दहा लाखांत सुमारे ९ भाग भरते. म्हणजे दिवसाला पाऊण सेकंद आणि महिनाभर तापमान तेवढेच राहिले तर २३ सेकंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही घड्याळांत जो फरक होता तो वजा केल्यावर एप्रिलच्या महिन्यात खांबावरचे घड्याळ मनगटावरच्यापेक्षा १४ सेकंद मागे पडले. रात्री मागखाते थोडे निवते आणि मनगटावरचे घड्याळही २५ अंशाला नसते, हे लक्षात घेता आकडा हिशेबाला धरून आहे. कंपनी महिन्याला ३० सेकंदांची मुभा मागते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पाळीचा भोंगा मात्र आता खांबावरच्या घड्याळावर न देता कार्यालयातल्या घड्याळावर दिला जाईल.

पाळीप्रमुख स्वतःसाठी सेइको ५ घेण्याच्या विचारात होते आणि सल्ला विचारत होते. जुन्या ७एस२६ यंत्राच्या मॉडेलला कंपनी दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मुभा देते, आणि त्याला हाताने चावीही देता येत नाही. नव्या ४आर३६ मध्ये चावी देता येते आणि चावी ओढली की सेकंदकाटाही थांबतो. हाताला बरे वाटत असेल तर जरूर घ्यावे, पण पिक मोजायला कॅसिओच बाळगावे, असे सांगितले. त्यांनी दोन्ही ठेवायचे ठरवले आहे.

मंजूर रकमेतून जे उरले आहे त्यातून दुसरा टॅकोमीटर घ्यावा असा आग्रह रेपियर विभागाचा होता. त्या मागांच्या पडद्यावर वेग दिसतोच आणि आमच्या टॅकोमीटरशी तो जुळतोही, म्हणून तो नाकारला. त्या पैशात बेअरिंग काढण्याचा तीन पायांचा पुलर आणि ६२०४, ६२०५ या क्रमांकांची एकेक कोरी बेअरिंगे मागवली आहेत. ही दोन बेअरिंगे मागावर कधीच बसवली जाणार नाहीत. तेल लावून, कागदात गुंडाळून ती कॅलिपरच्या कप्प्यात राहतील आणि भांडारातील यादीत त्यांची नोंद सुट्या भागांत न करता मोजमापाच्या साधनांत केली आहे.